फराळाच्या डब्यातलं झबलं

हा डबा आमच्या कपाटात वरच्या कप्प्यात असतो, आधी फराळाचा होता. आत एक पिवळं झबलं, एक बंद तुटलेला, एक पासपोर्ट साईज फोटो आणि बाल कल्याण समितीच्या पत्राची झेरॉक्स. लेक आता आठ वर्षांची आहे, मनात आलं की स्वतःच स्टूल लावते आणि डबा खाली काढते.

दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा वाटलेलं की टेन्शन कागदांचंच असणार. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी सरकारी संस्था, तिच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन झालं, होम स्टडीला, म्हणजे आमचं घर आणि आम्हाला बघायला, दत्तक संस्थेच्या ताई येणार म्हणून मी किचनमधले डबेसुद्धा घासून ठेवले, त्यांनी डब्यांकडे बघितलंही नाही, विचारलं काय तर, "मुलाला कधी सांगणार?" आम्ही म्हटलं, मोठं झाल्यावर. त्या हसल्या. म्हणाल्या, तोवर कुठल्यातरी लग्नात कुठलीतरी मावशी सांगून मोकळी झालेली असते.

मग ती तान्ही असतानाच सुरुवात केली, तेल लावताना, न्हाऊ घालताना. तिला ओ की ठो कळत नव्हतं, प्रॅक्टिस आमचीच चालू होती, कारण खरं सांगते, "दत्तक" हा शब्द माझ्याच घशात अडकायचा. पहिल्यांदा मोठ्याने म्हटला तर सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, "हळू गं, भिंतीला कान असतात."

आता हे पुण्यात, जिथे जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत उघडपणे दत्तक घेतला. तरी १८९० ला जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, टिटवं, ते दत्तक मुलाने कसं धरायचं म्हणून भाऊबंद आडवे आलेच, मग सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं आणि पुढे चालल्या. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून देवकी-यशोदेची गोष्ट सांगायचं डिपार्टमेंट त्यांच्याकडे गेलं.

गोष्ट छानच आहे, पण पुरत नाही ना. देवकीकडे कंस होता, कारण तयार होतं. लेक पाच वर्षांची असताना स्कूटरवर, सिग्नलला, मागून प्रश्न आला, "तिने मला का दिलं?" तुझ्यावर प्रेम होतं म्हणून दिलं, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही, म्हणजे प्रेम तर आम्ही पण करतो, मग आम्ही पण देणार का, पोरं असंच जोडतात. मी म्हटलं, मला माहीत नाही गं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले.

फाईलमध्ये अजून एक गोष्ट आहे जी तिला सांगायचीये. मूल सोपवणाऱ्या आईला कायद्याने फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. पण "साठ दिवसांत पण आली नाही" असंही ते ऐकू जाऊ शकतं, म्हणून मी अजून थांबलेय. १८ पूर्ण झाल्यावर तिला स्वतः रूट सर्चचा, म्हणजे जन्मदात्यांच्या शोधाचा, अर्ज करता येतो हे मात्र तिला माहितीये. "अजून किती वर्षं?" "दहा." "बरं, तोवर कुत्रा आणूया का?"

डॉक्टर विचारतात, घरात कोणाला दमा? आधी मीच गडबडायचे. आता ती सांगते, "माहीत नाही, मी दत्तक आहे," आणि जीभ बाहेर काढून बसते. सोसायटीत कुणी "खरे आईवडील कोण" विचारलं तर मात्र मी विषय बदलते, ती माहिती तिची आहे, लिफ्टमध्ये वाटायची नाहीये.

परवा शाळेतून फॅमिली ट्री आलं. आईसाठी एकच गोल होता. तिने शेजारी दुसरा काढला, जरा वाकडा, आणि विचारलं, हिचं नाव काय लिहू? आम्ही दोघं गप्प. तिनेच लिहिलं, "पोटातली आई". बाईंनी बरोबरची खूण केली आणि खाली लाल पेनाने शेरा दिला: अक्षर सुधार.