सहाची निळी गाडी: पैसा कोणाचा, तोटा कोणाचा (एसटीवरच्या माहितीपटाचं निवेदन, कंसात शूटच्या सूचना)

सकाळचे पावणेसहा. तालुक्याचा डेपो. डायवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेका टायरवर ठोकून बघून राहिला, आवाज टणक आला तर हवा ठीक, बद्द आला तर गाडी पंपाकडे. कंडक्टरभाऊंनी तिकिटाचं मशीन घेतलं, कागद भरला, आणि खाकी पिशवीत जुनी कागदी तिकिटं पण टाकली, जंगलात मशीन बंद पडलं तर काय करता.

गाडी निळी आहे, लाल नाही. पाटी वाचा, "मानव विकास". राज्य सरकारनं 125 मागास तालुक्यांत ह्या गाड्या दिल्या, आधी तालुक्याला पाच, मग दोन वाढवल्या. आठवी ते बारावीच्या पोरींसाठी, फुकट. गाडीचा पैसा नियोजन विभागाचा, चालवणारी एसटी. म्हणजे एसटी महामंडळावर वरून कितीही ओरड असो, ह्या गाडीचा खर्च सरकारनं शिक्षणाचा खर्च म्हणून धरला आहे, आणि आमच्या मते हेच बरोबर आहे.

(इथे निवेदन नको. पोरी चढतानाचा आवाज राहू द्या.)

हे जुने फोटो बघा. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली हे सगळ्यांना पाठ आहे, पण तेव्हा आपण विदर्भवाले मुंबई राज्यात होतोच कुठे, आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात. इथली सरकारी बस वेगळी होती, 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा ती मुंबईच्या एसटीत आली. "गाव तिथे एसटी" आपल्याकडे उशिरानंच पोचली, आणि काही गावांत तर फारच उशिरा. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याच्या रस्त्यावर एसटी पहिल्यांदा गेली ती 1 जानेवारी 2025 ला, मुख्यमंत्री स्वतः गाडीत बसले होते.

आता हिंगणा. नागपूरजवळ एसटीचा कारखाना आहे, मध्यवर्ती कार्यशाळा, राज्यात अशा तीनच, बाकी दोन दापोडी आणि चिकलठाणा. इथे चेसिस येते. चेसिस म्हणजे इंजिन, चाकं आणि स्टेअरिंग, बस एवढंच, ना टप ना काच, डायवर उघड्यावर बसून तोंडाला दुपट्टा बांधून हायवेनं आणतो, आपण सगळ्यांनी ते बघितलं असेल. मग इथे तिच्यावर पाइपांचा सांगाडा उभा राहतो. वेल्डिंग बघा, किती नीट चाललं आहे. आधी बॉडी अॅल्युमिनियमची असायची, अपघातात पत्रा फाटून आत यायचा, आता माइल्ड स्टीलची करतात, जड आहे पण मजबूत. मग पत्रा, मग खिडक्या, मग बाकडी, आणि शेवटी लाल रंग. हा रंगाचा भाग आम्ही मुद्दाम लांब ठेवला, सुंदरच आहे तो.

आणि हे हात असताना नवीन 2,640 लालपरी तयारच कंपनीकडून घेतल्या. गाड्या चांगल्या आहेत, प्रश्न तो नाही, पण हिंगण्याच्या लोकांना काय वाटत असेल ते त्यांच्या तोंडाकडे बघून समजून घ्या.

दुसरा रस्ता भाड्याचा. 5,150 इलेक्ट्रिक गाड्यांचा करार झाला, त्यात गाडी कंपनीची, डायवर कंपनीचा, कंडक्टर एसटीचा, आणि किलोमीटरमागे पैसे एसटीनं द्यायचे. शहरात, हायवेवर जमून जाईल. पण चार्जिंगचं स्टेशन लागतं, आणि इथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ताच बंद, तिथे चार्जर कोण बसवणार?

मंत्रालयातलं आमच्याकडे काही शूट नाही, म्हणून हिशोब ह्या तिकिटावरच सांगतो. बाईचं तिकीट अर्धं, 17 मार्च 2023 पासून. पंच्याहत्तरच्या वरच्या आजोबांना शून्य, ऑगस्ट 2022 पासून. राहिलेलं भाडं सरकार एसटीला देते, ते वेळेवर आलं तर पगार वेळेवर. आणि ह्याच तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे, 1958 च्या कायद्याचा, तो सरकार घेते. म्हणजे एका खिशातून काढायचं, दुसऱ्यात घालायचं, आणि मधल्या टाइमात एसटी तोट्यात. जून 2025 च्या श्वेतपत्रिकेत साचलेला तोटा 10 हजार कोटींच्या वर दाखवला आहे. त्याआधी जानेवारीत भाडं 14.95 टक्क्यांनी वाढवून झालं होतं.

तोटा कमी करायचा म्हटलं की डेपोत पहिले भारमान बघतात, म्हणजे गाडी किती भरते. गावाची सकाळची गाडी जाताना भरते, येताना रिकामी, मग कागदावर तीच नापास. मुक्कामी गाड्या, म्हणजे रात्री गावातच थांबून सकाळी निघणाऱ्या, अशाच गेल्या, कोरोनात बंद, मग एसटीला सरकारात विलीन करा म्हणून 2021-22 चा संप, आणि नंतर कित्येक ठिकाणी त्या आल्याच नाहीत. गाडी गेली की लोक काळी-पिवळीत कोंबून जातात, आणि पोरींची शाळा सुटते.

(रिकामा थांबा, फक्त चित्र.)

आता कामाचं. गाडी मागायची असेल तर ग्रामसभेचा ठराव करा, मुख्याध्यापकांचं पत्र जोडा, त्यात किती पोरी, कोणत्या वर्गाच्या ते लिहा, आणि आगार व्यवस्थापकाला द्या, एक कॉपी विभाग नियंत्रकाला. पोच घ्यायची, शिक्क्यासकट. आणि "सकाळी गाडी पाहिजे" असं मोघम लिहू नका बाप्पा, शाळेची घंटा किती वाजता होते आणि सुट्टी किती वाजता ते लिहा, नाहीतर गाडी येते साडेआठला आणि शाळा भरलेली असते साडेसातलाच.