रेडीच हवी

(दिवाळी पाडव्याची दुपार. सजवलेल्या म्हशी मोटारसायकलमागे धावताना.)

शिंगांना रंग, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. पुढं सायलेन्सर काढलेली गाडी आणि तिच्या आवाजावर मागनं पळत सुटलेली म्हैस. सागरमाळ म्हणा, कसबा बावडा म्हणा, नाहीतर पंचगंगेचा घाट. पाडव्याला कोल्हापुरात हे असतंच. मालकानं हाक दिली की मागच्या दोन पायांवर उभी राहणारीही असते. बघा.

(शिंगांचा जवळून शॉट, हळूहळू खांद्यापर्यंत.)

ही पंढरपुरी. तलवारीसारखी शिंगं खांद्याच्याही मागं गेलेली. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. अंगानं आटोपशीर, आमच्या उन्हाला सरावलेली आणि वेळच्या वेळी गाभण राहण्याबद्दल नावाजलेली.

(गंगावेश. दूध कट्टा, संध्याकाळ.)

गंगावेशीतला दूध कट्टा. इथं दूध येत नाही, म्हैसच येते. गिऱ्हाईकासमोर धार, आणि फेसासकट पेला हातात. तालमीतनं आलेली पोरं उभ्या उभ्या संपवतात. म्हशीच्या दुधाशिवाय या शहराचा चहासुद्धा होत नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचं, म्हणजे गोकुळचं, मुंबईत जे नाव झालं त्यातही मोठा वाटा म्हशीच्या दुधाचाच.

पण म्हैस दूध देते ती व्याल्यावर. आणि व्याली की रेडी का रेडा, हा निम्म्या-निम्म्याचा खेळ. पुढं दूध देणार ती रेडी, म्हणून हवी ती रेडीच. आता तशी निवड करता येते; ती कशी, ते बघू.

(गोठा. नुकतंच जन्मलेलं रेडकू, म्हैस त्याला चाटताना. निवेदन थांबवा, आवाज गोठ्याचाच.)

(रेखाटनं सुरू.)

म्हैस कुठल्याही रंगाची असो, शुक्रजंतू दोनच प्रकारचे: एक्स आणि वाय. एक्सनं बीजांड गाठलं तर रेडी, वायनं गाठलं तर रेडा. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात. फरक एवढाच की एक्समध्ये डीएनए किंचित जास्त असतो, गाई-म्हशींत चार टक्क्यांच्या आतच. आता एवढासा फरक पकडायचा कसा?

आधी डीएनएला चिकटणारा एक रंग त्यांना देतात. मग एकेकाला लेसरच्या झोतासमोरून नेतात. ज्याच्यात डीएनए जास्त, तो जरा जास्त चमकतो. यंत्र ती चमक मोजतं, त्या शुक्रजंतूला एका थेंबात धरतं आणि थेंबाला विजेचा भार देतं. अधिक भाराचा थेंब एकीकडं वळतो, उणे भाराचा दुसरीकडं. ज्यांची ओळख पटली नाही ते सरळ खाली, टाकाऊ. सेकंदाला हजारोंची अशी निवड. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत लॉरेन्स जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या पद्धतीनं सशाची पिल्लं मिळवून दाखवली, आणि तिथून ही वाट गोठ्याकडं वळली.

(नायट्रोजनच्या कॅनचं झाकण उघडतं. पांढरा धूर.)

वीर्य गोठवून ठेवण्याची विद्या त्याहून जुनी, आणि तिची गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी कोंबड्याचं वीर्य गोठवायच्या खटपटीत होते. जमेना. एकदा अचानक जमलं. शोध घेतला तर बाटलीवरचं लेबलच चुकलेलं! साखरेच्या द्रावणाऐवजी आत ग्लिसरॉल निघालं. १९४९ मध्ये ते छापून आलं, आणि आज आपल्याकडं गावोगाव मोटारसायकलवर गोठवलेल्या वीर्याचा जो कॅन फिरतो त्याच्या मुळाशी ती चुकलेली बाटली आहे. आपल्या देशात कृत्रिम रेतन, म्हणजे नराशिवाय हातानं वीर्य भरणं, त्याआधीच सुरू झालं होतं: १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोठ्यात. म्हशीचं पहिलं रेडकू १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत जन्मलं.

(करवीर तालुक्यातलं गाव. उसाच्या वाड्याचे (हिरव्या शेंड्यांचे) भारे, अरुंद बोळ, मोटारसायकल.)

कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. गावात याला 'डॉक्टर आले' म्हणतात. सरकारी दवाखान्यातले असोत, दूध संघाचे असोत की खासगी कृत्रिम रेतन सेवक, सगळे डॉक्टरच.

(हातांचा जवळून शॉट. चिमटा, कांडी, थर्मामीटर.)

ही कांडी, म्हणजे गोठवलेल्या, निवडलेल्या वीर्याची बारीक नळी. पाव मिलिलिटर. साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्रजंतू असतात, हिच्यात वीस ते चाळीस लाख. निवडून निवडून उरलेले, त्यातले काही यंत्रातनं दमून आलेले. म्हणून हिला चूक चालत नाही. कॅनच्या तोंडापाशी कांडी रेंगाळली की गेली. कोमट पाणी सदतीस अंशांचं, त्यात तीस सेकंद, मग पुसून कोरडी. घाईत काही जण दोन्ही तळव्यांत चोळून कांडी वितळवतात. तसं करू नये. इथं पाण्यात थर्मामीटर आहे, हे मुद्दाम दाखवतोय. कांडी गनमध्ये, म्हणजे रेतनाच्या लांब नळीत, टोक कात्रीनं सरळ कापायचं, वर शीथ, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण. आणि गोठ्यापर्यंतच्या चार पावलांत थंडी लागू नये म्हणून भरलेली गन शर्टाच्या आत. हे यंत्रणेच्या पुस्तकात असेल-नसेल, पण हात शिकलेला माणूस असंच करतो.

(गोठा, पहाट. मावशी दावणीजवळ. दिव्याचा पिवळा उजेड.)

पण कांडी कितीही भारी असली तरी ती कधी भरायची हे प्रयोगशाळा सांगत नाही. ते या मावशींना कळतं. गाय माजावर आली की गल्लीला कळतं. म्हशीचं तसं नाही. तिचा माज बऱ्याचदा मुका असतो. फारसं हंबरणं नाही, दुसरीवर चढणं नाही. रात्री किंवा पहाटे काय ती चिन्हं दिसणार, ती बघायला जागं कोण? धार काढताना दूध थोडं कमी भरतं. वैरणीवर मन नसतं. सारखी लघवी. बसलेली म्हैस उठली की शेपटीखाली काचेसारखा सोट, म्हणजे चिकट स्राव, तोही कधी कधी जमिनीवरच सांडलेला. म्हणून मावशी शेण भरायच्या आधी बॅटरी मारून खाली बघतात.

(बॅटरीचा उजेड फरशीवर. चकाकणारा ओला डाग.)

सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. मावशींनी फोन केला. डॉक्टर आले. कानातला पिवळा बिल्ला बघून बारा आकडी नंबर मोबाइलमध्ये भरला. हातमोजा, गन, जेमतेम दोन मिनिटं.

(म्हशीची मान. मावशींचा हात पाठीवर.)

आता जातीचं. गोठ्यातनं फिरताना कॅमेऱ्याला मुऱ्हा जास्त दिसली. हरियाणातनं ट्रकनं आणलेली, गोल वळलेल्या शिंगांची, दुधाला भरघोस. मेहसाणाही दिसली. वावगं काही नाही, डेअरीत पैसे लिटर आणि फॅट बघून मिळतात. पण जी म्हैस इथल्या पाण्यावर, इथल्या उसाच्या वाड्यावर पिढ्यान्पिढ्या तगली, त्या पंढरपुरीच्या जातिवंत रेड्यांची निवड व्हायला नको का? त्यासाठीचं हत्यार आता आलंय. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथं पंतप्रधानांच्या हस्ते दोन गोष्टींचं उद्घाटन झालं: देशी बनावटीचं लिंगवर्गीकरणाचं, म्हणजे एक्स-वाय वेगळे करण्याचं तंत्र, आणि गाईंसाठी गौचिप, म्हशींसाठी महिषचिप. चिप म्हणजे रक्ताच्या थेंबावरनं किंवा केसाच्या मुळावरनं जनावराच्या जनुकांची कुंडली. रेडा लहान असतानाच त्याच्या मुलींचं दूध किती, याचा अंदाज. पूर्वी मुली विताना बघायला वर्षं जायची.

मात्र अंदाज बांधायला आधी नोंदी लागतात. कुठल्या म्हशीनं किती दूध दिलं, कधी व्याली, आई कोण, बाप कोण. आमच्या गवळ्याला हे सगळं तोंडपाठ असतं; कागदावर मात्र काहीच नाही.

(पुन्हा गंगावेश. गवळी, दोन म्हशी, शिंगं एकमेकांत अडकलेली, तो सोडवतोय.)

तोटा? आहे. लिंगवर्गीकृत कांडीनं गाभण राहण्याचं प्रमाण साध्यापेक्षा कमी पडतं, आणि रेडीची खात्री शंभर नव्हे, नव्वदच्या आसपास. ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला आणि खोंडाला काम उरलं नाही. रेड्या (माद्या) वाढल्या तर तो प्रश्न आपोआप हलका होतो, एवढं सांगून पुढं जाऊ.

(तपासणीचा दिवस. दावणीला तीन म्हशी.)

रेतनानंतर अडीच-तीन महिन्यांनी डॉक्टर हात घालून बघतात. पहिली गाभण. दुसरी गाभण. तिसरी रिकामी.

(मावशींचा चेहरा. इथं संगीत नको.)

म्हशीला साधारण दहा महिने दहा दिवस लागतात, म्हणजे रेडी की रेडा हे या फिल्ममध्ये दिसणार नाही. तिसरीसाठी मावशींनी डॉक्टरांना एकच विचारलं: पंढरपुरी रेड्याची कांडी मिळंल का? कॅनमध्ये नव्हती. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या गोठ्याकडं गेले.