ढग की बर्फ?

(दृश्य: की मठ, सकाळ. वाऱ्याचा आवाज.)

जानेवारी. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातला ‘की’ नावाचा बौद्ध मठ. भिंती पांढऱ्या, डोंगर पांढरे.

बर्फ मोजायचा साधा उपाय म्हणजे काठी रोवायची आणि किती बुडाली ते बघायचं. पण हिमालयात काठ्या रोवणार तरी किती?

(दृश्य: संगणकाचा पडदा.)

हेच खोरं ८१७ किलोमीटर उंचीवरून. रिसोर्ससॅट-१ हा उपग्रह ऑक्टोबर २००३ मध्ये श्रीहरिकोटाहून गेला. त्यावरच्या एविफ्स कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ५६ मीटर. आता कोपऱ्यातला हा पांढरा डाग बघा. ढग आहे की बर्फ? आम्हालाही ओळखता आलं नाही.

(दृश्य: चित्र बदलते.)

हे तेच चित्र, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातलं. ढग पांढराच राहिला, बर्फ काळा पडला! बर्फाचे कण हा प्रकाश गिळतात, ढगातले बारीक थेंब परतवतात. मग ठिपक्याने परतवलेल्या हिरव्या प्रकाशाच्या आकड्यातून या अवरक्त प्रकाशाचा आकडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर ०.४ च्या वर गेलं की बर्फ. गणित शाळेतलंच, पण सावलीतल्या उतारांवरही चालतं. आणि हिवाळ्यात इथे सावलीला तोटा नाही.

ढगाखाली मात्र हा कॅमेरा आंधळा. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. उपग्रह दर पाच दिवसांनी परत यायचा, म्हणजे दहा दिवसांच्या हिशेबाला तीन चित्रं. एकात जरी बर्फ दिसला, तरी त्या ठिपक्यावर बर्फ धरायचा.

उपग्रह सुटतो तेव्हा टाळ्या वाजतात, कॅमेरे असतात. ठिपके जुळवत बसलेल्या माणसांची खोली सहसा कुणी दाखवत नाही. म्हणून आम्ही इथे जरा जास्त वेळ थांबलो.

(दृश्य: नकाशांची मालिका. निवेदन सावकाश.)

फेब्रुवारी... एप्रिल... जून. निळा रंग म्हणजे बर्फ. बघा, कसा वर वर सरकतोय.

(दृश्य: खाबचा संगम.)

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पुढे भाक्रा धरण, पंजाब-हरियाणाची शेती, वीज. धरणात वितळलेल्या बर्फाचं पाणी किती येईल, याचे अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून बांधायला १९८० च्या दशकातच सुरुवात झाली. अर्थात या चित्रांत बर्फाचा पसारा कळतो, जाडी नाही.

(दृश्य: वाटाण्याचं शेत, पाट.)

याला इथे कूल म्हणतात. पाणी वरच्या बर्फाचं.

(निवेदन थांबते. पाण्याचा आवाज.)