पोटाचं ऐका

श्रोतेहो, नमस्कार.

पोटाची तक्रार घेऊन कुणी डॉक्टरकडे गेलं की पहिल्या काही प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला असतो, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" माणूस रक्तदाबाची गोळी सांगतो, थायरॉइडची सांगतो आणि थांबतो. मन शांत राहावं, झोप लागावी म्हणून महिनाभर रोज रात्री घेतलेली अश्वगंधेची कॅप्सूल त्यात येतच नाही. तो काही लपवत नसतो. ते औषध आहे असं त्याला वाटतच नसतं. झाडाचं मूळ, ते कसं बाधेल?

पण बाधतं. अश्वगंधेचे नेहमी दिसणारे त्रास पोटाचेच आहेत: मळमळ, पोट दुखणं, पातळ शौच. पुष्कळांना ते सौम्य असतात, काहींना होतही नाहीत. मात्र एक फरक ध्यानात घ्या. पूर्वीपासून वापरात आहे ते मुळाचं चूर्ण, आणि आजच्या कॅप्सूलमध्ये बहुधा असतो अर्क. अर्कात मुळातले घटक एकवटलेले असतात. म्हणून ५०० मिलिग्रॅम चूर्ण आणि ५०० मिलिग्रॅम अर्क एकच समजू नका. एका कॅप्सूलने फरक पडेना म्हणून आपल्याच मनाने दोन घेतल्या, तर आधी कुरकुरतं ते पोट.

कधी दोष त्या वनस्पतीचा नसतोही. ताणावरच्या अनेक गोळ्यांत मॅग्नेशियम मिसळलेलं असतं. त्याचे काही क्षार आतड्यात पाणी ओढून घेतात, आणि म्हणूनच ते बद्धकोष्ठतेवर दिले जातात. अमेरिकेत प्रौढांसाठी गोळ्यांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची कमाल मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम ठरवली आहे, ती जुलाबांचाच विचार करून. चघळायच्या गोळ्यांत साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असेल, तर त्यानेही पोट फुगतं, वायू होतो. तेव्हा लेबलावरचा बारीक मजकूर वाचाच.

आता खरा घोळ इथे होतो. ताणानेही पोट बिघडतं. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं, त्यामुळे परीक्षेच्या सकाळी दोनदा शौचाला पळावं लागतं. मग हे पोट ताणाने बिघडलं की ताणावरच्या उपायाने? घरच्या घरी थोडा माग काढता येतो. कॅप्सूल कुठल्या तारखेला सुरू केली ते लिहून ठेवा. रिकाम्या पोटी घेत असाल तर जेवणानंतर घेऊन पाहा. तरी त्रास राहिला तर बंद करा आणि पोट निवळतं का बघा. दोन नवीन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू केल्यात, तर मात्र काहीच कळणार नाही.

"जुलाब होतायत म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडतेय," असं कुणी सांगितलं तर कृपा करून विश्वास ठेवू नका. त्या एका वाक्यापायी माणसं त्रास सोसत गोळ्या चालू ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण क्वचित का होईना, प्रश्न पोटापाशी थांबत नाही, यकृतापर्यंत जातो. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, बहुतेक सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांतल्या. काव्हा या ताणावरच्याच वनस्पतीची औषधं २००२ मध्ये जर्मनीने यकृताच्या काळजीपोटी बाजारातून काढली होती. सुरुवात मळमळीने, अन्न नकोसं होण्यानेच होते, म्हणून ती साध्या अपचनासारखी वाटते. पण सोबत अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळसर दिसले, तर कॅप्सूल लगेच बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गरोदर असाल किंवा यकृताचा आजार आधीपासून असेल, तर अश्वगंधा सुरूच करू नका. थायरॉइडची, मधुमेहाची किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सेंट जॉन्स वर्ट या उदासीवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीची गोष्ट निराळी. पोटाला ती थोडाच त्रास देते, पण इतर औषधं शरीरातून लवकर बाहेर काढते, गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा. तीही सांगायला हवी.

डॉक्टरांकडे जाताना बाटली बरोबर न्या. कॅप्सूल संपल्या असल्या तरी रिकामी बाटली न्या, लेबल तिच्यावरच आहे.