कित्तूरचं एक्स्चेंज आणि पंचविशीतली पोरं

नमस्कार मंडळी! आज सॅम पित्रोदांबद्दल बोलायचंय. हल्ली हे नाव निघालं की लगेच राजकारणावरून वाद सुरू होतो, तो आज बाजूला ठेवूया, मला बोलायचंय टेलिफोनवाल्या पित्रोदांबद्दल आणि त्यांनी हाताशी धरलेल्या पोरांबद्दल.

१९४२ चा जन्म, ओडिशातलं तितलागढ, बडोद्याला फिजिक्स केलं, मग शिकागोला इंजिनीअरिंग, आणि गंमत बघा, अमेरिकेत पोचेपर्यंत या माणसाने कधी फोनच केला नव्हता! पुढे वेस्कॉम स्विचिंग ही टेलिफोनची यंत्रं बनवणारी कंपनी उभी केली, १९८० ला ती रॉकवेल या अमेरिकन कंपनीने विकत घेतली, पैसा आला, आरामात बसता आलं असतं.

तेव्हा आपल्याकडे ७० कोटींच्या देशात २५ लाखसुद्धा फोन नव्हते. आपल्या गोव्यातल्या पेडणे-सत्तरीच्या जुन्या माणसांना विचारा, मुंबईला ट्रंक कॉल बुक करायचा आणि बसायचं वाट बघत, आणि लागलाच तर अर्धा वेळ "हॅलो, ऐकू येता मरे?" करण्यातच जायचा.

पण पित्रोदा इकडे आले, आणि १९८४ ला सी-डॉट सुरू झालं, म्हणजे टेलिफोनचं देशी तंत्र बनवणारी सरकारी संस्था. ३६ महिने, ३६ कोटी रुपये, तेवढ्यात देशी डिजिटल एक्स्चेंज, म्हणजे एक फोन दुसऱ्याला जोडून देणारं यंत्र, करून दाखवायचं. आणि माणसं कोण घेतली, तर बहुतेक कॉलेजातून नुकतीच सुटलेली, सरासरी वय पंचविशीचं! आपल्याकडे मेंटरिंग म्हटलं की हॉल, शाल-श्रीफळ, तासभर भाषण आणि मग चहा-सामोसा. इथे पोरांच्या हातात सरळ काम दिलं, डेडलाइन दिली आणि चुकायची मुभापण दिली असणार, त्याशिवाय नवी वस्तू होतच नाही.

परदेशी एक्स्चेंजं शहरासाठी, हजारो लाइनींची, त्यांना एसी लागायचा. जिथे वीजच टिकत नाही तिथे एसी कुठून आणणार? म्हणून या पोरांनी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं, फार न तापणारं, धूळ आणि उकाडा सोसणारं. १९८६ ला ते बसलं कित्तूरला, हो, राणी चेन्नम्माचं कित्तूर, चोर्ला घाट चढून बेळगाव गाठलं की धारवाडच्या वाटेवरच. शहरांसाठीच्या मोठ्या एक्स्चेंजला उशीर झाला, त्यावरून टीका झाली, आणि ती सगळीच खोटी होती असं मी नाही म्हणणार. पण डिझाइन एका कंपनीच्या खिशात न ठेवता बऱ्याच कारखान्यांना दिलं, म्हणून ते गावोगाव पोचलं.

आता आपल्या गोव्याचं. लॉकडाऊनमध्ये सांगे-सत्तरीतली पोरं ऑनलाइन क्लाससाठी रेंज शोधत डोंगर चढत होती, आठवतंय ना? इंजिनीअरिंगच्या फायनल इयरवाल्यांना प्रोजेक्टचा विषय इथेच पडलाय. आणि टेलिफोनमधून रिटायर झालेले तुम्ही, ज्यांना कुठल्या घाटात सिग्नल का मरतो ते तोंडपाठ आहे, जवळच्या कॉलेजात जाऊन एकदा त्या पोरांच्या सरांना भेटा तरी, आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना द्या, टॉवरची जागा बघायला त्यांना बरोबर न्या, आणि हिशोब मात्र त्यांनाच करू द्या.