रात्रच होत नाही, मग पालक का टिकत नाही?

नमस्कार मंडळी! आधी हे बघा.

(उपटलेलं रोप कॅमेऱ्याजवळ धरून)

हा पालक. मधोमध वीतभर दांडा, शेंड्याला बारीक हिरवट तुरा, आणि खाली खाण्यासारखी पानं मोजून पाच. पेरून फक्त पाच आठवडे झालेत. पान तोडून चावलं तर कडवट लागतं. तुम्हाला दाखवायला म्हणून मी हा एक वाफा न झाकता तसाच ठेवला होता.

कारण काय, की अमेरिकेतल्या आमच्या अलास्काच्या अवाढव्य कोबीचा तो व्हिडिओ सध्या परत फिरतोय. खरा आहे तो, बनावट नाही. इथे पामर गावात दरवर्षी अलास्का राज्याची जत्रा भरते, तिथे २०१२ साली १३८ पौंडांचा कोबी आला होता. म्हणजे जवळजवळ ६३ किलो! एका माणसाला उचलायचा नाही. तो व्हिडिओ आला की माझ्याकडे कमेंट सुरू होतात: “ताई, तुमच्याकडे तर बावीस तास उजेड, भाजी नुसती फोफावत असेल.” “ताई, मग कोथिंबीर का मिळत नाही म्हणता?” प्रेमाने विचारता, मला कळतं. पण ‘ऊन जास्त म्हणजे भाजी जास्त’ हे डोक्यातून काढा. दरवर्षी सांगते, आज नीट बसून सांगते.

बाकीचं भराभर उरकते, ते जुन्या व्हिडिओत आहेच. मी अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात राहते, ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ. १ जूनच्या आत नाजूक रोप बाहेर लावायचं नाही. ऑगस्ट संपत आला की दव गोठायला लागतं. जमिनीत बऱ्याच ठिकाणी खाली बारमाही गोठलेला थर असतो, म्हणून वाफे उंच करायचे आणि माती तापायला वर प्लॅस्टिक अंथरायचं. टोमॅटो-मिरचीची रोपं मार्चपासून घरात. आणि कुंपण हवंच. मूस नावाचं घोड्याएवढं जनावर एका रात्रीत अख्खी ब्रोकोली फस्त करतं. झालं.

आता मुद्दा. २१ जूनला इथे सूर्य मावळतो रात्री १२ वाजून ४७ मिनिटांनी आणि उगवतो पहाटे २ वाजून ५७ मिनिटांनी. मधले दोन तासही संधिप्रकाश असतो, बाहेर पेपर वाचता येतो. आणि पालक, कोथिंबीर, मुळा ही मंडळी रात्र मोजतात. रात्र मोजतात, हे लक्षात ठेवा! पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडात त्याचं रूप बदलतं, अंधारात ते हळूहळू परत फिरतं. त्यावरून रोपाला कळतं की अंधार किती वेळ होता. रात्र आखूड झाली की पालक समजतो, आता फुलायचं, बी धरायचं. मग पानं वाढवणं थांबलं.

शेवंती आठवा. महाराष्ट्रात पॉलिहाऊसमध्ये शेवंतीवर रात्री दिवे लावतात, बघितलंय ना? शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. दिवा लावून रात्र मोडली की ती फुलायची थांबते. पालकाचं बरोबर उलट. माझ्या वाफ्यावर निसर्गानेच दिवा लावून ठेवलाय, तोही सगळा जून महिना.

मग कोबी एवढा कसा होतो? कोबीला फुलायला आधी एक हिवाळा अंगावर घ्यावा लागतो. थंडी सोसल्याशिवाय त्याला दांडाच येत नाही. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात कितीही उजेड मिळाला तरी तो पानंच करत बसतो. शिवाय जत्रेतले कोबी खास मोठ्या जातीचे, हिवाळ्यातच घरात रोपं करून वाढवलेले. तोच उजेड, एकाला फळला आणि दुसऱ्याला नडला.

कांद्याची गोष्ट अजून वेगळी. पहिल्या वर्षी मी टेक्सास ग्रॅनो लावला. तो लहान दिवसाचा कांदा, आपल्या नाशिककडच्या कांद्यासारखा. बारा तासांच्या आसपास दिवस झाला की तो गाठ धरतो. इथे मेअखेरीस लावला तेव्हाच दिवस वीस तासांच्या घरात! रोप अजून सुईएवढं बारीक आणि लगेच गाठ धरायला लागलं. ऑगस्टमध्ये काढले तर गोटीएवढे कांदे. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “अगं, हे तर बियाण्याचे लहान कांदे वाटतायत.” म्हणून पाकिटावर ‘लाँग डे’, म्हणजे मोठ्या दिवसाचा कांदा, असं लिहिलेलंच बी घ्या, आणि फेब्रुवारीत घरात पेरून पेन्सिलीएवढी जाड रोपं करून मगच बाहेर लावा. बी भारतातून आणू का, हेही बरेच जण विचारता. सामानात टाकून आणू नका, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे बियाण्यात रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो.

आता उपाय. रात्र नाही ना, मग रात्र आपण करायची. बारा तास झाकायचं, रोज, न चुकता. इथेच सगळे चुकतात, मीही चुकले. मी संध्याकाळी ६ ते सकाळी ६ काळी ताडपत्री टाकायचे. सरळ हिशोब वाटला. पण इथलं घड्याळ सूर्याच्या पुढे आहे. जूनमध्ये दुपारचा माथ्यावरचा सूर्य दोनच्या सुमाराला येतो, म्हणजे ६ वाजता अजून कडक ऊन. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर आतून वाफ अंगावर आली, कोथिंबीर उकडलेली. वास अजून आठवतो, अगदी वड्या वाफवताना येतो तसा. रडू आलं हो. पाच महिन्यांनी ताजी कोथिंबीर मिळणार होती.

म्हणून आता रात्री ९ ते सकाळी ९. बाहेरून पांढरं आणि आतून काळं असलेलं कापड, कमानींवर ताणून, पानांना टेकू न देता. आणि कडा! कडेला माती किंवा विटा दाबा. कापड टाकलं आणि खालून फट राहिली, तर रात्रभर उजेड आत येणार. आत हात घालून बघा, स्वतःची बोटं दिसली तर पालकालाही उजेड दिसतोय.

एवढं जमणार नसेल तर चार्ड लावा. पालकाचा नातेवाईक, आणि कोबीसारखा हिवाळ्याशिवाय फुलत नाही. वरण-भातासोबत पातळ भाजी छान होते. मुळ्याला दांडा आलाच तर टाकू नका, डिंगऱ्या होऊ द्या आणि परतून खा. आणि हो, वाफ्यात तण म्हणून जे उगवतं, ज्याला इथले लोक उपटून फेकतात, तो चाकवत आहे! पानाच्या पाठीला पिठासारखी पांढरी भुकटी असते. ओळख नीट पटली तरच तोडा, कोवळा असताना. ताक आणि डाळ घालून मी काल केला.

नऊ वाजायला दहा मिनिटं आहेत. कोथिंबिरीचा वाफा झाकायला जाते, तुम्ही कडा दाबायला विसरू नका.