डोकी मोजायची की हंडे?

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

"लोकसंख्येला आळा घातल्याशिवाय पर्यावरण वाचणार आहे का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गोदाकाठी उभं राहिलं की तो खराही वाटतो. 2001 साली आपल्या महापालिकेच्या हद्दीत पावणेअकरा लाख माणसं होती, 2011 साली जवळपास पंधरा लाख. माणसं वाढली की नदीवरचा भार वाढतो, हे मी नाकारत नाही.

पण सगळ्यात मोठं दुखणं तेच का? त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांकडे चला. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या निफाड-येवल्याच्या कितीतरी पट पाऊस तिथे पडतो आणि वस्ती विरळ. तरी एप्रिलमध्ये पाड्यावर टँकर लागतो. दमणगंगा, नार, पार पावसाळ्यातच सगळं घेऊन पश्चिमेला उतरतात. काळा कातळ फारसं मुरू देत नाही आणि अडवायची सोय अपुरी.

तिथल्या एका झिऱ्यावर मी सकाळी बसलो होतो. खड्ड्यात ओंजळभर पाणी. एक बाई वाटीने ते हंड्यात घालायची, मग थांबायची. पाणी पुन्हा पाझरायचं, पुन्हा वाटी. एका हंड्याला अर्धा तास गेला. त्याच दिवशी दुपारी शहरात परतलो, तर एका बंगल्यापुढे नळी लावून गाडी धुणं चाललेलं. या दोन घरांतली डोकी सारखी धरून हिशेब कसा मांडायचा?

जगाचंही तसंच आहे. एका अमेरिकी माणसामागे वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आपल्यामागे साधारण 2 टन. आणि जन्मदर? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे 1.7 मुलं निघाली. लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतात. तरुण पिढी मोठी आहे म्हणून आकडा अजून काही वर्षं चढेल, पण पाळणा लांबलेला आहे.

हे धाकाने झालेलं नाही. धाक आपण 1976 मध्ये पाहिला. नसबंदीसाठी धरून नेला तो गरीबच. त्याच्या कितीतरी आधी, 1921 साली, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मूल हवं की नको हे बाईने ठरवावं, असं ते सांगत राहिले आणि त्यापायी त्यांनी फार सोसलं. मला तो रस्ता आजही बरोबर वाटतो.

त्या झिऱ्यावरच्या बाईला मी मुलांचं विचारलं. "दोन पोरी," ती म्हणाली. धाकटी आश्रमशाळेत होती. थोरलीची शाळा सुटली होती, कारण दुसरा हंडा तिने आणायचा असे. ती मागेच उभी होती, चुंबळ हातात घेऊन, आपली पाळी कधी येते ते बघत.